नाव आमच्या गावचं

मशीन गप्प राहिलं की सगळं ठीक आहे असं समजायचं. नोकरी लागल्या लागल्या मला हे शिकवलं गेलं आणि माझ्या स्वभावाला ते लगेच पटलं. मीही विचारल्याशिवाय बोलणारी नव्हते.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नवाच होता. कचेऱ्यांना रंगाचा वास यायचा, फायली मात्र चंद्रपूरहून आलेल्या, जुन्या आणि पिवळ्या. आमच्या कार्यालयात एक बंद खोली होती. खिडक्यांना काळे पडदे, दाराबाहेर चपला काढायच्या, आत थंड हवेचं यंत्र आणि त्याच्यासमोर तो संगणक. बाहेर मे महिन्यात डांबर पाघळायचं, आणि आत मी स्वेटर घालून बसायचे. पत्र्यावर माकडं उड्या मारायची तेव्हाच काय तो बाहेरच्या जगाचा आवाज यायचा. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली होते आणि संगणकाचा कोर्स करून आले होते. कचेरीत मला सगळे 'मॅडम' म्हणायचे. वयाने माझ्या दुप्पट माणसं मॅडम म्हणायला लागली की बोलणं आणखीच कमी होतं.

काम एका धरणाचं होतं. नदीवर बांध घातला जाणार होता आणि काठची काही गावं पाण्याखाली जाणार होती. तलाठ्यांनी घरोघरी फिरून प्रत्येक घराची माहिती लिहून आणली होती: कुटुंबप्रमुख कोण, स्त्री की पुरुष, वय किती. ती इंग्रजी अक्षरांत संगणकात भरायची. एका गावाची एक फाइल. ज्याचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून यादीत असेल त्याला नव्या गावठाणात घरासाठी प्लॉट मिळणार होता. ज्याचं नसेल त्याला नाही.

संगणकात जागा फार थोडी. म्हणून फायली दाबून ठेवायच्या. दाबायची रीत सोपी होती. एकदा आलेला तुकडा पुन्हा आला की तो पुन्हा लिहायचा नाही, 'मागे आला होता तोच' एवढी खूण ठेवायची. त्यामुळे गाव जितकं लहान, जितकं नात्यात गुंतलेलं, तितकी त्याची फाइल जास्त दाबली जायची. तीच आडनावं, आजोबांची नावं नातवांना, बापाचं नाव दहा जणांच्या नावात. काही गावं दाबल्यावर इतकी लहान व्हायची की मला उगीच अपराध्यासारखं वाटायचं.

या दाबलेल्या फायली खराब तर झाल्या नाहीत ना, हे बघण्यासाठी मी एक शेल स्क्रिप्ट लिहिली होती. शेल स्क्रिप्ट म्हणजे मशीनला एकाखाली एक लिहून दिलेली कामं. माझी स्क्रिप्ट मशीनचा जेमतेम अर्धा पडदा भरेल एवढी होती: एकेक दाबलेली फाइल घे, उलगड, उलगडलेलं फेकून दे, आणि उलगडताना अडखळलास तर त्या गावाचं नाव पडद्यावर लिही. अडखळला नाहीस तर काही लिहू नको. फेकून द्यायला त्या मशीनमध्ये एक जागा असते. तिथे टाकलेलं परत मिळत नाही आणि ती जागा कधी भरतही नाही. संध्याकाळी घरी जायच्या आधी मी एकामागून एक सगळी गावं, माणसांसकट, त्या जागेत ओतायचे. मग पडदा कोरा राहायचा. मी दिवा बंद करून चपला घालायचे.

यादी पक्की करण्याआधी ती गावात वाचून दाखवायची असा नियम होता. चावडीवाचन. एकेक नाव पुकारायचं, माणसाने ओ द्यायची, तलाठ्याने खूण करायची. ओ आली नाही तर माणूस गैरहजर. मी हे फक्त ऐकून होते. एका सकाळी आमचे साहेब दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, जीपमध्ये बसा."

साहेब साताऱ्याकडचे. कडक, पण खोटं न खपवणारे म्हणून लोक त्यांना मानायचे. जीपमध्ये पुढे साहेब, मागे मी आणि त्या गावाचे तलाठी. ते सिंदेवाहीकडचे, पन्नाशीचे, सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांनीच मला कारण सांगितलं. "म्याडम, ते कागद विंग्रजी हाये. माह्याच्यानं भराभर वाचनं होत नाई. मीच साहेबाले म्हनलं, ज्यानं छापलं त्यालेच आना."

गाव जंगलाच्या आत होतं. मोहाच्या झाडाखाली सगळे जमले होते, पुरुष समोर, बायका मागे भिंतीच्या सावलीला. नवं गावठाण कुठे असणार हे त्यांना कळलं होतं आणि ते खूश नव्हते. ती जागा रिठी होती. आमच्याकडे रिठी म्हणजे कागदावर नाव असलेलं पण कधीकाळी उजाड झालेलं गाव. माणूस एकही नाही, विहीर बुजलेली, देवळाच्या जागी चार दगड.

"साहेब, थे जागा रिकामी नाई," पुढे बसलेला एक म्हातारा म्हणाला. त्याच्या खांद्यावर लाल टॉवेल होता. "तुमाले रिकामी दिसते."

"तिथे कोण राहतं?" साहेबांनी विचारलं.

"आता कोनी राहत नाई. तेच त सांगून राह्यलो."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साहेबांनी मला वाचायची खूण केली.

मी शाळेतसुद्धा मोठ्याने वाचायला घाबरायचे. पहिली दोन-तीन नावं माझी मलाच ऐकू आली नाहीत. मग जमलं. मी नाव घ्यायचे, गर्दीतून कुठून तरी "हाव" यायचं, भाऊ खूण करायचे. त्यात एक लय आली. मला वाटलं, हे तर माझ्या स्क्रिप्टसारखंच आहे, फक्त उलटं. तिथे गप्प म्हणजे ठीक, इथे गप्प म्हणजे गेला.

एका नावाला ओ आली नाही.

मी पुन्हा वाचलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. लाल टॉवेलवाला म्हातारा पुढे झुकला. "पुन्ना वाचा, बाई. हळूच."

मी हळू वाचलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, वय.

"मानूस आमच्या गावचा नाई," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाव आमच्या गावचं हाये."

"भूत असंल मंग!" मागून कोणी तरी ओरडलं. "साहेब, भुताले पलाट भेटते का?"

"तुले भेटला मंग त्याले काऊन नाई?"

सगळे हसले. म्हातारा हसला नाही. तो अजून त्या नावाचा विचार करत होता. भाऊंनी त्या ओळीपुढे काहीच खूण केली नाही. मी पुढचं नाव घेतलं, आणखी काही नावं घेतली, आणि मग एक नाव घेतलं.

साधं पुरुषाचं नाव. मी ते घेतलं आणि हसणं थांबलं. हळूहळू विझलं नाही, एकदम थांबलं. पुढच्या पुरुषांनी माना खाली घातल्या. मला वाटलं मी काही चुकीचं उच्चारलं, म्हणून मी ते पुन्हा, मोठ्याने, स्पष्ट वाचलं.

"हाव," बायकांमधून आवाज आला.

भिंतीच्या टोकाला एक बाई बसली होती. उतारवयाची, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्या आजूबाजूला थोडी जागा मोकळी होती, जशी दुखणाईत माणसाभोवती सोडतात.

"हे तुमचं नाव आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाई."

"मग ज्याचं आहे तो कुठे आहे?"

"येते ना तो," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "आता बलावलं त येईन."

भाऊ साहेबांच्या कानाशी वाकले. मला ऐकू आलं ते एवढंच: "नवरा हाये तिचा. बांबू कटाईले गेलता. मले लेकरं झाली नव्हती तवाची गोष्ट. वापस आला नाई."

परतताना जीप जंगलाबाहेर आली. साहेब म्हणाले, "पलीकडच्या गावात मेलेल्या तिघांना जिवंत दाखवलं होतं. एक प्लॉट जास्त मिळावा म्हणून. मी याच प्रकाराच्या मागावर आहे."

"साहेब, ते बाई तशी नाई," भाऊ म्हणाले. "अन् तिच्या घरी मी सोता गेलतो. तिचंच नाव लिवलं होतं, कुटुंबप्रमुख म्हनून. तिच्या मांगं पुढं कोनी नाई. घर एकटीचं."

"मग यादीत तिचं नाव का नाही? नवऱ्याचं का आहे? आणि त्याच्या नावाला तिने ओ का दिली?" साहेब वळून मागे बघायला लागले. "की कंप्युटर खोटं बोलतो?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघत राहिले.

"मूळ कागद नागपूरला गेलेत, ते काही इतक्यात यायचे नाहीत," साहेब म्हणाले. "यादीतला माणूस गैरहजर आहे. घर कमी करा. बुधवारी मी सही करतो."

म्हणजे पाणी चढेल तेव्हा सगळं गाव रिठीवर जाईल आणि ती बाई कुठेच जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला काढत होते तेव्हा भाऊ व्हरांड्यात वाट बघत उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात.

"म्याडम, तुमाले एक सांगाचं होतं. त्या गावात रीत हाये. घर कायमचं सोडाचं असलं का उंबरठ्यावर उभं राहून घरच्या मेलेल्या मानसाइले नाव घेऊन बलवा लागते. चला म्हनून. नाई बलावलं त ते तिथीच राहून जाते."

"मग?"

"बायको नवऱ्याचं नाव घेत नाई. पोर नाई, दीर नाई. अन् गावातलं दुसरं कोनी त्याले बलावत नाई, काऊन का तो मेला का जित्ता हाये हेच ठाव नाई. जित्त्याले मेल्यासारखी हाक मारली त तो मरते म्हनते. म्हनून इतक्या वर्सात त्या मानसाचं नाव कोन्या तोंडातून निंगालं नाई." त्यांनी माझ्या चपलांकडे बघितलं. "अन् तुमी घेतलं. दोनदा. परक्या मानसानं, पुऱ्या गावासमोर."

"मी फक्त वाचलं," मी म्हटलं.

"हाव. वाचलं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मी या गोष्टी मानत नाई, म्याडम. आमच्या घरी हे सारं आमच्या बापानंच सोडलं. पन रातभर झोप नाई आली."

मी आत गेले, दार लावलं आणि स्क्रिप्ट चालवली. पडदा कोरा राहिला. पुन्हा चालवली. कोरा. त्या दिवशी पहिल्यांदा त्या कोरेपणाची मला भीती वाटली. आत कोणी तरी आहे आणि दार वाजवलं तर श्वास रोखून बसतं, तसं.

मग मी स्क्रिप्ट बाजूला ठेवली. ती फाइल उलगडली, पण या वेळी फेकून दिली नाही. पडद्यावर घेतली आणि एकेक ओळ वाचली.

'आमच्या गावचा नाही' म्हटलेला माणूस तिथे होता. नाव, बापाचं नाव, आडनाव, वय, सगळं जागच्या जागी. त्याच्यात काहीही खोट दिसत नव्हती. मग मी वरच्या ओळींकडे गेले. त्याचं नाव वर एका घरात होतं. बापाचं नाव दुसऱ्या घरात. वय तिसऱ्या घरातल्या एका बाईचं. त्याच्याकडे स्वतःचं असं एकही अक्षर नव्हतं. तो शेजाऱ्यांच्या तुकड्यांनी बनला होता.

मी खुर्ची मागे सरकवली. पण त्याच क्षणी मला कळलंसुद्धा.

दाबलेल्या फाइलमध्ये शब्द फार थोडे असतात. असतात त्या खुणा: मागे आला होता तोच तुकडा. त्यातली एक खूण बिघडली, तर ती दुसऱ्याच तुकड्याकडे बोट दाखवते. मशीनला ते चुकीचं वाटत नाही. तो तुकडाही खरा असतो, याच गावचा असतो. मशीन तो उचलतं, लावतं आणि पुढे जातं. अडखळत नाही. आणि मी त्याला फक्त अडखळलास तर सांग असं म्हटलं होतं.

मग मी त्या बाईच्या नवऱ्याची ओळ शोधली. स्त्रीचं नाव यादीत पूर्ण लिहायचे: तिचं, नवऱ्याचं, आडनाव. त्यातला पहिला तुकडा पडला असेल, तर काय उरतं? नवऱ्याचं नाव आणि आडनाव. 'स्त्री'च्या जागी 'पुरुष' आलं होतं, ती पुढची खूण पहिल्या बिघाडावर बेतलेली असणार. वय मात्र तिचंच राहिलं होतं. म्हणजे जंगलात गेलेला तो तरुण माणूस माझ्या मशीनमध्ये तिच्याबरोबर म्हातारा झाला होता.

हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं, पण दाखवता येत नव्हतं. साहेबांना काय सांगणार, की खूण पडली असणार, तुकडा चुकला असणार? असणार-बिसणार त्यांना चालत नसे. खरी प्रत हवी होती. माहिती भरली तेव्हा फ्लॉपींचा एक संच जपून ठेवण्यासाठी चंद्रपूरच्या जुन्या कार्यालयात पाठवला होता. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून मी एवढंच म्हणू शकले, "सर, मला चंद्रपूरला जायचंय. बुधवारच्या आत येते."

त्यांनी मान वर केली. मी त्यांच्यासमोर स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. "जा," ते म्हणाले.

चंद्रपूरच्या कार्यालयातला संच मला जुन्या कापडात गुंडाळून मिळाला. उन्हाने आणि धुळीने फ्लॉपी खराब होतात, म्हणून मी येताना स्टीलचा डबा घेऊन गेले होते. परतीच्या एस.टी.त तो मांडीवर घट्ट धरून बसले. मूल गाव मागे पडल्यावर कंडक्टर माझ्याजवळ थांबला.

"बाई, डबा खाली ठेवा ना. सांडते का?"

"नाही. सांडत नाही."

"मंग येवढा काऊन धरला? सोन्याचे लाडू हाये का त्यात?"

"अरे, नवऱ्याले नेऊन राह्यली असंल डब्यात," मागून एक म्हातारी म्हणाली. "दुसरा डबा असंल त मलेबी दे व बाई, माहा घरी पडला हाये."

गाडी हसली. मला हसू आलं नाही. मी डब्याचं झाकण दाबून धरलं.

बाहेर जंगल सुरू झालं होतं. मे महिन्यात सागाला पान नसतं. झाडांमधून आरपार दिसतं, लांबवर, उंच सरळ खोडांच्या रांगा आणि खाली वाळलेल्या पानांचा थर. पावसाळ्यातल्या दाट जंगलाची मला कधी भीती वाटली नाही, कारण तिथे काही दिसतच नाही. या उघड्या जंगलात मात्र कोणी उभं असेल तर ते दिसलंच पाहिजे असं वाटत राहतं. आणि मग डोळे शोधायला लागतात. दोन खोडांच्या मधली प्रत्येक काळी रेघ माणूस वाटते. मी बघत होते, आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत. मी ते नाव घेत होते. आवाज न करता, यादीत वाचलं तसं, पूर्ण.

मी तोंडावर रुमाल धरला आणि गडचिरोली येईपर्यंत काढला नाही.

कार्यालयात पोचल्यावर मी दुसरी स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक फाइलमधल्या सगळ्या अक्षरांची मिळून एक बेरीज करण्याची सोय त्या मशीनमध्ये होती. एक ठिपका जरी बदलला तरी बेरीज बदलते. आमच्या फाइलची बेरीज घे, चंद्रपूरच्या फाइलची घे, दोन्ही जुळतात का बघ. आणि शेवटच्या ओळीत मी लिहिलं: जुळलं तरी लिही, नाही जुळलं तरी लिही. गप्प राहू नकोस.

गावं एकेक करून पडद्यावर यायला लागली. जुळतं. जुळतं. जुळतं. प्रत्येक गावाला मशीन जरा थांबायचं, तेवढ्यात पत्र्यावर माकडाने उडी मारली तरी मी दचकायचे. मग ते गाव आलं.

जुळत नाही.

चंद्रपूरची फाइल उलगडली. नवऱ्याच्या ओळीच्या जागी ती बाई होती. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, स्त्री, वय, आणि शेवटी आमच्या प्रतीत गळलेला शेरा: पती बेपत्ता. 'आमच्या गावचा नाही' म्हटलेल्या त्या माणसाच्या जागी दुसरंच नाव होतं. मी भाऊंना बोलावून ते वाचून दाखवलं. ते हसत सुटले.

"म्याडम, हा त तो लाल टावेलवाला म्हातारा! त्याचंच नाव पुकारलं नव्हतं, अन् तोच सांगत होता हा आमच्या गावचा नाई!"

"मग तो काही बोलला कसा नाही?"

"मोठ्या मानसाचं नाव शेवटी येते म्हनून बसला असंल, तवर आपन जीपमंदी. तसाच हाये तो."

बिघाड कधी झाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. फायली उतरवताना विजेचा दाब खाली-वर झाला असेल, मशीनच्या आत एखादा ठिपका उलटला असेल. मी साहेबांच्या टेबलावर दोन्ही छापील प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे कंप्युटर चुकला."

"प्रत बिघडली, सर."

"आणि तुम्ही रोज तपासता ते?"

"ती तपासणी फाइल उघडते का एवढंच विचारायची. आत कोण आहे ते विचारत नव्हती."

त्यांनी दोन्ही ओळींवर बोट फिरवलं. "ठीक आहे. पण ती बाई त्याच्या नावाला 'हाव' म्हणाली, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. त्याचं काय करू? बेपत्ता माणसाला ती हजर म्हणते. उद्या प्लॉट त्याच्याच नावावर हवा म्हणाली तर?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "पुन्हा वाचन घेऊ. नव्या यादीप्रमाणे. तिने स्वतःच्या नावाला ओ द्यायची. दिली तर घर राहील. नाही दिली तर गैरहजर."

दुसऱ्या वाचनाला वारा होता. मोहाच्या झाडाखालची धूळ उठत होती आणि कागद हातात फडफडत होता. म्हाताऱ्याचं नाव घेतलं तेव्हा तो उठून उभाच राहिला. "आलो एकदाचा! मले वाटलं मीच भूत झालो." लोक हसले. त्याने टॉवेल झटकून पुन्हा खांद्यावर टाकला.

मी पुढे वाचत गेले. तिची ओळ जवळ येत होती हे मला कागदाकडे न बघता कळत होतं. ती त्याच जागी बसली होती, भिंतीच्या टोकाला, भोवतीची जागा मोकळी. माझ्याकडेच बघत होती.

मी तिचं नाव घेतलं आणि आडनाव घेतलं. मधलं घेतलं नाही. ते माझ्या तोंडातून निघालं नाही.

कोणी ओ दिली नाही. वाऱ्याचा आवाज आला. साहेबांनी पेन कागदावर टेकवलं.

"ओ दे ना व बाई," भाऊ घाईने म्हणाले. "तुलेच बलावते."

"मी त हाओच," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अगदी आपल्या घरच्या मुलीला विचारावं तसं म्हणाली, "त्याले काऊन वगळलं, पोरी?"

मी कागदाकडे बघितलं.

"मांगच्या बारीले तुनं त्याले बलावलं. तो निंगाला असंल. अर्ध्या रस्त्यात असंल. आता नाव नाई घेतलं त तो कुठी जाईन?"

पुढचे पुरुष जमिनीकडे बघत होते. म्हातारासुद्धा. साहेब माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण त्यांनी पेन उचलून धरलं. भाऊ ओठ न हलवता म्हणाले, "म्याडम, कागदावर जसं हाये तसं वाचा."

कागदावर ते होतंच. तिच्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये, इंग्रजी अक्षरांत. चंद्रपूरच्या प्रतीतही होतं. त्यात काही बिघाड नव्हता.

मी पूर्ण वाचलं. तिचं नाव, मग त्याचं नाव, मग आडनाव. या वेळी माझा आवाज शेवटच्या घरापर्यंत गेला.

"हाव," ती म्हणाली.

साहेबांनी खूण करायला सांगितली आणि भाऊंनी केली. मी पुढचं नाव घेण्यासाठी कागदावर बोट ठेवलं, पण डोळे तिथेच राहिले. बाईने लुगड्याचा पदर गोळा करून गुडघ्याखाली घेतला आणि ती जराशी बाजूला सरकली, भिंतीकडे, जसं कुणी उन्हातून चालत आलं की आपण सावलीत त्याच्यासाठी जागा करतो. तिच्या पलीकडे बसलेल्या बायकांनी तिच्याकडे बघितलं नाही. पण त्याही एकामागून एक सरकल्या.